माथा, मधली खाचरं आणि तळ

कर्जत तालुक्यात भीमाशंकरच्या अंगाला एका पातळीतली जमीन कुठे मिळत नाही. वर वरकस असतं, गवत, नाचणी-वरी आणि ऐन-किंजळाची झाडं. त्याखाली उतरत आलेली खाचरं, कुठे चार गुंठ्यांची, कुठे दीडच गुंठ्याची. आणि सगळ्यात तळाला ओहोळालगतची पाणथळ खाचरं, जिथे दिवाळीतसुद्धा पाय रुततो. आम्ही तीन घरं मिळून कसतो ती साडेसहा एकर जमीन अशीच आहे: दोन एकर वरकस, तीन एकर मधली खाचरं, दीड एकर तळ. गेल्या पाच पावसाळ्यांत इथला राब, म्हणजे रोपवाटिकेची जमीन भाजायची रीत, बंद झाला, मधल्या खाचरांतली नांगरणी-चिखलणी बंद झाली आणि तळची खाचरं मात्र समजून-उमजून पाण्यातच ठेवली. सगळीकडे एकच पद्धत लावायचा मोह पहिल्या वर्षी झाला होता. तो चुकीचा होता. साचलेल्या पाण्याच्या खाचरांतून हवेत जाणारा, पृथ्वी तापवणारा मिथेन वायू कमी व्हावा म्हणून सगळं शेत कोरडं करायला निघालं, तर त्या पाण्यावर जगणाऱ्या जिवांनी जायचं कुठे, हा प्रश्न पहिल्याच वलगणीला, म्हणजे मासे खाचरांत चढतात त्या पहिल्या पुराला, समोर आला. तेव्हापासून प्रत्येक खाचराचा निर्णय वेगळा घेतो.

सुरुवात राबापासून केली. एक हेक्टर लावणीला दहा गुंठे रोपवाटिका लागते, आणि ती भाजायला शेण, त्यावर कवळ म्हणजे झाडांच्या छाटलेल्या पाल्याच्या फांद्या, त्यावर गवत-पातेरा आणि वर मातीचा थर असा थर रचावा लागतो. वारा पडलेला असताना पहाटे पेटवतात, म्हणजे राब भडकत नाही, धुमसत राहतो. राबाला अडाणीपणा म्हणणारे बरेच भेटतात, पण त्याचे फायदे खरे आहेत: तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळतं आणि रोप उपटताना मूळ तुटत नाही. किंमत मोजतात ती झाडं. दरसाल कवळीसाठी छाटलेला ऐन खांबासारखा उभा राहतो. त्याला फुलं धरत नाहीत, बी पडत नाही, खाली नवं रोप येत नाही. झाड जिवंत दिसतं, पण त्याचा वंश थांबलेला असतो. ठाणे-कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत हा वाद जुना आहे. जंगलातल्या राबाच्या हक्कांवरून इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला होता.

राबाला पर्याय म्हणून चारसूत्रीतली काळी राख घेतली. डॉ. नारायण सावंत यांनी बसवलेल्या भात लागवडीच्या चारसूत्री पद्धतीतलं पहिलं सूत्रच भाताच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे. भात गिरणीवर तूस मिळतं. ते उघड्यावर ढीग करून पूर्ण जाळलं की पांढरी राख होते, ती नको. ढिगाला हवा कमी मिळेल असं ठेवून अर्धवट जाळायचं आणि काळं पडलं की पाणी मारून विझवायचं. या काळ्या राखेतली सिलिका रोपाला लवकर मिळते आणि रोप कणखर होतं. प्रमाण चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. तळच्या दीड एकराला सहा गुंठे रोपवाटिका, म्हणजे साधारण सहाशे चौरस मीटर, म्हणजे कमीत कमी तीनशे किलो राख. एवढी राख मे महिन्यात ऐनवेळी मिळत नाही. जानेवारीपासून गोळा करून कोरड्या जागी गोणीत भरून ठेवावी लागते.

राख तणाचं बी मारत नाही, इथे मात्र राबाची उणीव भासते. त्यावर आमचा उपाय असा: गादीवाफे मेअखेर तयार ठेवायचे, पहिल्या वळवाच्या सरीने तण उगवू द्यायचं, सात-आठ दिवसांनी कोवळं असताना विळ्याने तासून काढायचं आणि मग बी टाकायचं. वळीव आलाच नाही तर दोन हंडे पाणी शिंपडून उगवण करून घ्यायची. रोपं एकवीस ते पंचवीस दिवसांत काढली तर मुळं तुटत नाहीत. तीस दिवस झाले की न भाजलेल्या वाफ्यातून ती ओढून काढताना निम्मी मुळं मातीतच राहतात.

कवळीचं दुसरं काम, शेताला हिरवं खत, ते गिरिपुष्पाकडे दिलं. तळच्या खाचरांच्या बांधांवर जूनमध्ये हाताएवढ्या जाड काठ्या सव्वा-दीड मीटर अंतरावर रोवल्या. दुसऱ्या वर्षीपासून पाला मिळायला लागला. चारसूत्रीत गुंठ्याला तीस किलो पाला सांगितला आहे. लावणीच्या आठवडाभर आधी फांद्या खाचरात पसरायच्या, पाला गळून पडला की काड्या काढून सरपणाला न्यायच्या आणि मग चिखलणी करायची. फांद्या तशाच राहिल्या तर लावणी करणाऱ्यांच्या पायात घुसतात. गिरिपुष्प परदेशी झाड आहे, मध्य अमेरिकेतलं. त्यामुळे ते फक्त तळच्या बांधावर, गुडघ्याएवढं छाटलेलं. वरकसावर आणि ओहोळाच्या काठी त्याची एकही काठी लावलेली नाही. तिथे ऐन, किंजळ, उंबर, जांभूळ जे आहे ते वाढू द्यायचं. पाच वर्षं कवळ न तोडलेल्या ऐनांपैकी काहींना आता फुलोरा येतो. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत ऐन आणि किंजळ दोन्ही आहेत, म्हणून मालकीच्या जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. पण छाटून-छाटून खुंटवलेल्या झाडाला कायदा काही वाचवत नाही.

आता मधली खाचरं. इथे नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं एसआरटी, म्हणजे सगुणा राइस टेक्निक, हे तंत्र वापरलं, थोडे बदल करून. मूळ विचार सरळ आहे. एकदाच गादीवाफे करायचे, त्यानंतर नांगर नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. भात कापल्यावर मुळं मातीतच ठेवायची. ती कुजली की मातीत पोकळ नळ्या राहतात, त्यांतून हवा आणि पाणी खाली जातं, गांडुळं येतात आणि वाफा मऊ होत जातो.

वाफे घालायला जमीन एकदा नांगरून, ढेकळं फोडून घ्यावी लागते. सरीच्या मध्यापासून पुढच्या सरीच्या मध्यापर्यंत १३६ सेंटीमीटर, म्हणजे साडेचार फूट. सुतळीला या अंतरावर गाठी मारून राखेच्या रेघा ओढल्या की काम सोपं होतं. वाफ्याचा माथा १०० सेंटीमीटर, सरी ३६ सेंटीमीटर रुंद. खोली आम्ही वीतभर ठेवली. चार गुंठे किंवा त्याहून मोठ्या खाचरात पॉवर टिलरने सऱ्या निघतात. त्याहून लहान खाचरात तो वळत नाही, तिथे फावडं आणि माणसं. पहिल्या वर्षी खाचराची लांब बाजू धरून वाफे घातले. चार खाचरांत ती बाजू नेमकी उताराच्या दिशेला होती. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात सऱ्यांचे ओहोळ झाले आणि माती मोरीपाशी, म्हणजे खाचराचं पाणी बाहेर सोडायच्या तोंडापाशी, येऊन साचली. वाफे नेहमी उताराला आडवे हवेत आणि सऱ्यांचं पाणी एका कडेच्या चरातून सावकाश मोरीकडे गेलं पाहिजे. खाचर वरवर सपाट दिसतं, म्हणून नळीतल्या पाण्याची पातळी बघूनच उतार ठरवावा.

पेरणीसाठी लोखंडी साचा असतो. तो वाफ्यावर ठेवून दाबला की पाच ओळींत, २५ बाय २५ सेंटीमीटरवर भोकं पडतात. साडेचार फुटांत पाच ओळी आणि ओळीत २५ सेंटीमीटर, असा हिशोब केला की एकरात बी टोकायच्या साठ हजारांच्या आसपास जागा होतात. प्रत्येकात तीन दाणे आणि हजार दाण्यांचं वजन पंचवीस ग्रॅम धरलं तर साडेचार किलो बी पुरतं. तूट धरून आम्ही सहा किलो ठेवतो. रोपं करून लावणी करताना एकरी सोळा ते चोवीस किलो लागायचं. बी आधी मिठाच्या पाण्यात बुडवायचं, दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ. तरंगलेलं पोचट काढून टाकायचं, तळाचं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं आणि मग किलोला पंचवीस ग्रॅम ॲझोटोबॅक्टर चोळायचं. मीठ नीट धुतलं गेलं नाही तर उगवण कमी होते.

भोक इंचभर खोल. दीड इंच झालं की कर्जत-३ सारख्या हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या, वाणाचा कोंब वर यायला धडपडतो. साचा ओल्या मातीवर जोरात दाबला की हीच चूक होते, कारण भोकाच्या तळाशी माती घट्ट बसते आणि मूळ आडवं पळतं. माती हातात घेऊन मुठीत दाबल्यावर गोळा व्हावी आणि टिचकीने फुटावी, एवढ्या वापशावर पेरणी बसते. बियांवर नुसती माती न ढकलता चाळलेलं शेणखत आणि माती निम्मी-निम्मी मिसळून टाकली. त्याने वरचा पापुद्रा घट्ट होत नाही.

पेरणीच्या वेळेत दोन धोके आहेत. जूनच्या पहिल्या सरीवर टोकलं आणि नंतर आठ-दहा दिवस उघडीप पडली तर कोंब करपतात. उशीर केला आणि मृग जोरात लागला तर सऱ्या भरून वाफ्यावर पाणी चढतं आणि बी कुजतं. आमच्याकडे दोन्ही होऊन गेलं आहे. त्यातल्या त्यात सोय म्हणजे वाफ्यांच्या एका कोपऱ्यात चार-पाच ओळी दाट टोकून ठेवायच्या. जिथे खाडे पडतील तिथे पंधरा दिवसांची रोपं तिथून उचलून लावता येतात.

नांगर थांबला की तणाचं राज्य सुरू होतं, हे मात्र कुणी लपवू नये. चिखलणी आणि साचलेलं पाणी ही भातशेतीतली तणनाशकंच होती. ती काढून घेतली की पाखड, माका, हरळी आणि सगळ्यांत चिवट लव्हाळा वर येतो. पहिल्या दोन वर्षी पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत ऑक्सिफ्लोरफेन फवारलं. तण दबलं, पण फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी मोठी सर आली आणि मधल्या खाचरांचं गढूळ पाणी मोऱ्यांतून तळच्या खाचरांत आणि तिथून ओहोळात उतरलं. हे औषध मातीच्या कणांना चिकटतं आणि गढुळाबरोबर वाहतं. पाण्यातल्या जिवांना ते फार विषारी आहे. आणि तो आठवडा वलगणीचा होता.

वलगण म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. पहिल्या पुराच्या पाण्यावर नदी-ओहोळातले मासे प्रवाहाविरुद्ध चढून खाचरांत येतात आणि उथळ, कोमट पाण्यात अंडी घालतात. मळे, शिंगटी, खवली. वर्षातले मोजके दिवस असतात हे. म्हणजे उगवणीपूर्वीच्या तणनाशकाची वेळ आणि माशांच्या विणीची वेळ पंचांगात एकावर एक येते. भाताच्या उत्पन्नाचा आणि हवामानाचा हिशोब जुळत असताना हा तिसरा हिशोब बिघडत होता.

तेव्हापासून मधल्या खाचरांसाठी नियम केले. वलगण संपेपर्यंत कोणतंही औषध नाही. तळाला लागून असलेल्या खाचरांच्या ओळीत कधीच नाही. पहिली बेणणी, म्हणजे तण काढणं, पंधरा ते अठरा दिवसांनी, दुसरी तीस ते पस्तीस दिवसांनी, हाताने आणि सायकल कोळप्याने. ओळी २५ सेंटीमीटरवर असल्यामुळे कोळपं फिरतं, पण वाफ्याच्या कडेची माती सरीत ढासळते, म्हणून कडेच्या ओळी हातानेच. एखाद्या खाचरात पाखड हाताबाहेर गेलीच तर तेवढ्याच खाचरात पेरणीनंतर पंधरा ते वीस दिवसांनी बिसपायरिबॅक सोडियम दहा टक्के, लेबलवर आहे त्याप्रमाणे एकरी ऐंशी ते शंभर मिलीच्या हिशोबाने, उघडीप बघून, आणि मोरी दोन दिवस चिखलाने बंद करून. गेल्या तीन वर्षांत दोन खाचरांत ही वेळ आली.

ग्लायफोसेटबद्दल वेगळं बोललं पाहिजे. भात कापल्यावर खुंट आणि तण मारायला ते वापरायचा सल्ला सर्रास मिळतो. देशात त्याची नोंदणी चहाच्या मळ्यासाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी आहे, आणि ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने त्याच्या वापरावर आणखी निर्बंध घातले. आम्हाला त्याची गरज पडली नाही. भात जमिनीलगत कापला, बोटभर खुंट ठेवला, की दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत बहुतेक खुंट आपोआप वाळतात. ज्यांना फुटवा येतो ते वालाच्या पहिल्या खुरपणीत गड्ड्याच्या खालून कापले की संपतात. उपटायचे मात्र नाहीत. उपटलं की मुळांची ती नळी गेली आणि वर्षभराची मेहनतही गेली.

तण दाबायला पेंढ्याचं आच्छादनही करून पाहिलं. पेरणीबरोबर पसरलेला पेंढा एका रात्रीच्या पावसात तरंगून मोरीत अडकला, पाणी बांधावरून गेलं आणि बांध फुटला. आच्छादन घालायचंच तर रोपं वीतभर झाल्यावर, दोन ओळींच्या मध्ये, पातळ थरात. आणि पेंढा गुरांना लागतो, म्हणून त्याऐवजी वरकसावरचं गवत आणि गिरिपुष्पाचा पाला.

मजुरीचं खरं गणित असं: लावणीची आणि चिखलणीची माणसं वाचली, त्यांतली बरीचशी पहिल्या तीन वर्षांत बेणणीत गेली. पहिल्या बेणणीला एकरी दहा-बारा माणसं लागली. चौथ्या वर्षी ती निम्म्यावर आली, कारण माती न उलटल्यामुळे खोलवरचं बी वर येणं थांबतं आणि वरचं बी दरसाल बेणलं जातं. पण एका वर्षी बेणणी चुकून तणाला बी धरू दिलं की पुन्हा पहिल्यापासून. उताराही पहिल्या वर्षी घटला. तिसऱ्या वर्षी लावणीच्या भाताच्या बरोबरीला आला. ज्याचं घर पूर्णपणे या भातावर चालतं त्याने पहिल्या वर्षी एका खाचराच्या पुढे जाऊ नये.

नत्राचीही सवय बदलावी लागते. वाफ्यात ओल-वाळ होत राहते, त्यामुळे एकदम दिलेल्या युरियाचा काही भाग वाहून जातो आणि काही नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. शंभर वर्षांच्या मापात हा वायू किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. मिथेन सुमारे २७ पट. म्हणजे मिथेन वाचवून युरिया बेहिशोबी टाकला तर कमावलेलं गमावलं. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत नत्राचे तीन हप्ते आहेत: चाळीस टक्के सुरुवातीला, चाळीस फुटव्यांच्या वेळी, वीस लोंबी पोटात असताना. वाफ्यावर आम्ही पहिला हप्ता उगवणीनंतर बारा दिवसांनी देतो, कारण त्याआधी मूळच एवढं नसतं. आणि आभाळ भरलेलं असताना खत हातात घ्यायचं नाही.

भातानंतर त्याच वाफ्यांवर अंगओलीवर, म्हणजे मातीत उरलेल्या ओलीवर, वाल. नोव्हेंबरात भाताच्या दोन खुंटांच्या मध्ये काठीने भोक पाडून दोन दाणे, खत नाही, पाणी नाही, थंडीतलं दव पुरतं. पेरणीला आठवड्याचा उशीर झाला की ओल खाली जाते आणि वाल फूटभरावर थांबतो. या दिवसांत शेतात आणि बांधावर भांबुर्डा येतो, वासाचं तण. पोपटीच्या, म्हणजे वालाच्या शेंगा भाजायच्या, मडक्यात घालायला तोच लागतो. तो तण म्हणून फवारणीत मारला तर जानेवारीत वालाच्या शेंगा असतील, पण त्यांना तो वास असणार नाही. भांबुर्ड्यावर हिवाळ्यात मधमाश्याही असतात. वाफ्यावरचा उपटतो, बांधावरचा ठेवतो.

मोकाट गुरं ही या सगळ्यातली सर्वांत मोठी अडचण आहे. भात निघाला की गुरं मोकळी सोडायची जुनी रीत. पण ओल्या वाफ्यावर एक कळप फिरला की कडा मोडतात आणि माती पुन्हा दाबली जाते. कुंपण परवडत नाही आणि कुंपणाने पाण्याच्या आणि माणसांच्या वाटाही अडतात. वाडीत बसून ठरवावं लागलं: मार्चपर्यंत गुरं मधल्या खाचरांत नाहीत, त्या बदल्यात वरकसावरचं गवत कापून न्यायची सगळ्यांना मोकळीक. हा करार दरवर्षी नव्याने करावा लागतो.

तळची दीड एकर खाचरं पाण्यात ठेवली, कारण ती कोरडी होणाऱ्यांतली नाहीतच. तिथे वाफे केले असते तर सऱ्या जूनपासून तुडुंब आणि वर चिखल, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. शिवाय वलगणीचे मासे, बेडकांची पिल्लं, चतुरांच्या अळ्या यांना हे पाणीच घर आहे. इथे गरवा म्हणजे उशिरा तयार होणारा भात, काळ्या राखेवरची रोपं आणि चारसूत्रीची १५-२५ सेंटीमीटरची लावणी. लावणीच्याच दिवशी रोपांच्या चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपी खताची एक ब्रिकेट म्हणजे दाबून केलेली गोळी, २.७ ग्रॅमची, हाताने सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचायची. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे साधारण १७० किलो. वरवर राहिलेली गोळी पाण्यात विरघळून वाहून जाते. ज्या खाचरात घाईने काम झालं तिथे महिन्याभरात हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांवरून ते कळतं.

पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो आणि मिथेन तयार करणारे जिवाणू कामाला लागतात. त्यावर उपाय पाणी मधूनमधून उतरवण्याचा. त्यासाठी ३० सेंटीमीटर लांबीचा पाइपचा तुकडा घ्यायचा, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडायची, तेवढा भाग मातीत गाडायचा आणि आतली माती काढून टाकायची. आत डोकावलं की मातीखालचं पाणी दिसतं. ते मातीच्या पातळीपासून १५ सेंटीमीटर खाली गेलं की पुन्हा पाणी घ्यायचं, आणि भात फुलोऱ्यात असताना पाणी तोडायचंच नाही. जून-जुलैत आमच्याकडे हे जमत नाही. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो, मोरी उघडली तरी खाचर भरलेलंच. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या उघडिपीत दोन वेळा पाणी उतरवता येतं, तेवढंच करतो. उतरवण्याआधी खाचराच्या सखल कोपऱ्यात दीड बाय दोन मीटरचं, अडीच फूट खोल डबकं असलं पाहिजे. पाणी कमी होताना मासे आणि पिल्लं तिकडे सरकतात. पहिल्या वर्षी हे डबकं नव्हतं आणि दुसऱ्या सकाळी बगळे खाचर वेचत होते.

पाणी उतरवल्याचा आणखी एक फायदा झाला. सुरळीतली अळी पानाच्या पुंगळ्या करून पाण्यावर तरंगत एका चुडाकडून दुसरीकडे जाते. दोघांनी काथ्याचा दोर दोन टोकांना धरून भातावरून ओढला, पुंगळ्या खाली पाडल्या आणि मोरीला फडकं बांधून पाणी सोडलं की त्या फडक्यात जमा होतात. कीटकनाशक लागत नाही. खोडकिड्यासाठी पाच टक्के पोंगे मर, म्हणजे मधले कोंब वाळलेले, दिसेपर्यंत काही करत नाही. एकरी आठ-दहा पक्षिथांबे मात्र लावतो, आणि लोंब्या पक्व व्हायला लागल्या की ते काढतो, नाहीतर त्याच थांब्यांवर दाणे टिपणारे पक्षी बसतात.

बांधांचं गवत पूर्ण तासायची सवय सोडली, पण पूर्ण वाढूही दिलं नाही. दाट गवतात लष्करी अळी दडते आणि रुंद बांधात उंदीर बिळं करतात, हा अनुभव खरा आहे. म्हणून एका वेळी बांधाची एकच बाजू विळ्याने कापायची, दुसरी पंधरा दिवसांनी. कोळ्यांना आणि ढालकिड्यांना एक बाजू नेहमी मिळते. उघड्या राहिलेल्या ठिकाणी तूर. खेकड्यांच्या बिळांतून खाचराचं पाणी जातं, ती ओल्या चिखलाने आणि गवताच्या बोळ्याने रोज सकाळी लिंपायची. बिळात औषध ओतायचं नाही. कोवळी रोपं खेकडे कापतात ते पहिले आठ-दहा दिवस, तेवढे दिवस पाणी पातळ ठेवलं की त्यांचा वावर कमी होतो.

वरकसावर काम कमी आणि राखण जास्त. अर्धा एकर नाचणी-वरी, तीही दर तीन वर्षांनी जागा बदलून. बाकी गवत आणि झाडं. डिसेंबरात, गवत पूर्ण वाळायच्या आत, हद्दीभोवती तीन मीटरचा पट्टा कापून जाळपट्टा करायचा. जानेवारीत केला तर उशीर होतो. एका वर्षी फेब्रुवारीतला वणवा पट्टा अपुरा असलेल्या बाजूने आत आला आणि ऐनाची चार वर्षांची रोपं गेली. मुळं जिवंत होती, पुन्हा फुटली, पण चार वर्षं मागे गेली.

मातीतला कर्ब वाढला का, हे सगळे विचारतात. नमुना घेताना एक काळजी घ्या. मशागत थांबली की कर्ब वरच्या थरात साठतो, त्यामुळे फक्त वरची माती तपासली तर आकडा फुगलेला दिसतो. ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटीमीटर असे दोन नमुने वेगळे, दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच खाचरांतून, नऊ-दहा ठिकाणची माती मिसळून अर्धा किलो. आमचा वरचा थर सुधारतो आहे, खालचा अजून हललेला नाही. कार्बन क्रेडिटचा करार घेऊन कुणी आलं तर किती वर्षांचा, पेंढ्यावर हक्क कुणाचा आणि मोजणी किती खोलीपर्यंत, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

न सुटलेला प्रश्न लव्हाळ्याचा. मधल्या दोन खाचरांत त्याच्या गाठी वाफ्यात खोलवर आहेत, बेणणीने वरचा कोंब तुटतो आणि आठवड्यात दोन येतात. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. येत्या जूनला या दोन खाचरांत भात नाही, एकरी वीस ते चोवीस किलोच्या हिशोबाने दाट ताग. फुलावर येण्याआधी कापून वाफ्यावरच पसरायचा आणि नोव्हेंबरात त्यातूनच वाल टोकायचा. साडेपाच गुंठ्यांचं भात जाणार आहे, ते तळच्या खाचरांतून भरून निघतंय का ते मोजू.